बारदानाच्या दुकानातली गुजराती

वल्लभशेठ, तुम्ही गेल्याचं कार्ड मला मंगळवारी मिळालं. इंदापूरच्या कचेरीच्या पत्त्यावर आलं, आणि तेही गुजरातीत. वर नेहमीचं श्री नव्हतं, त्यावरूनच ओळखलं. कचेरीशेजारच्या दवाखान्यातला नडियादचा कंपाउंडर तेव्हा शेजारी उभा होता. तो म्हणाला, "ही काळोतरी आहे. वाचून झाली की फाडायची. घरी न्यायची नाही."

मी लगेच फाडली नाही. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. दारात कुणी प्रसाद घेऊन आला तरी मी आधी विचारतो, कशाबद्दल? तसंच हे कार्ड. दीड वर्ष आपण धड बोललो नाही, मग मला कळवावंसं कुणाला वाटलं? अक्षर बघितलं. वळणदार, बाईमाणसाचं. म्हणजे तुमची सून हंसा. तुमच्या घरात गुजराती नीट लिहिणारी तीच एक. पण तिनं आपणहून लिहिलं, की जाण्याआधी तुम्ही सांगून ठेवलं होतं? आणि मराठीत का नाही लिहिलं? मला टोचायला? शेठ, तुम्ही गेलात हे वाचतानासुद्धा मी असला विचार करत होतो. सांगायला लाज वाटते, पण आता तुमच्याशी खोटं बोलून काय उपयोग!

कार्डात 'मृत्यु थयुं छे' असं लिहिलं होतं. आमचा मृत्यू तो असतो, तुमच्या गुजरातीत ते. हा शब्द आपण कधी घेतलाच नव्हता. दोन वर्षं सुतळी, पोतं, चूल, तवा, बैल, गाडी सगळं झालं, आणि हा एक राहिला. मी कार्डाचे चार तुकडे केले आणि कचेरीच्या मागं टाकले. मग जेवायची सुट्टी होईस्तोवर मला एकही अर्ज वाचता आला नाही.

आपलं सुरू कसं झालं, ते तुमच्यापेक्षा मला जास्त आठवतं, कारण संशय घेणाऱ्या माणसाला सगळं बारीकसारीक आठवतं. मराठी आणि गुजराती मिळून राज्य दोन भाषांचं झालं होतं. आमच्या साहेबांनी आम्हा हंगामी कारकुनांना उभं करून सांगितलं की, जो गुजरातीची परीक्षा पास होईल त्याचं नाव कायम करण्यासाठी वर धाडीन. मी चार वर्षं हंगामी होतो. हंगामी कारकुनाला पोरगी द्यायला कुणी तयार नव्हतं, आणि पणदऱ्याला आई दर सणाला माझ्याकडं बघून उसासे टाकायची. तिनंच तुमचं नाव सांगितलं. कांदा भरायची पोती ती तुमच्याकडनं न्यायची. "बारामतीला वल्लभशेठ हाय बारदानवाला. गुजराती हाय, पर बोलतो आपल्यावानीच. जा त्याच्याकडं. लई सरळ माणूस हाय."

सरळ माणूस म्हटलं की माझे कान टवकारतात. पहिल्या रविवारी मी एस.टी.नं आलो तो तुमच्यातलं वाकडं शोधायलाच. तुम्ही गोणपाटाच्या गठ्ठ्यावर बसून दाभणानं फाटकं पोतं शिवत होता. मी फीचं विचारलं तर हसलात. "फी कसली हो? मला दुकानात बसायचंच हाय. तुमी म्होरं बसा. तोंड तर माझं चालूच असतं." फुकट? माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस आज ना उद्या कचेरीतला एखादा कागद मागणार. कुणाचा उतारा, कुणाची नक्कल, काहीतरी. मी सहा महिने वाट बघितली. तुम्ही कधीच काही मागितलं नाहीत. मग मला त्याचाच संशय यायला लागला, की मोठं काहीतरी मागायचं म्हणून हा थांबलाय.

तुमची शिकवायची तऱ्हाही न्यारी. अक्षरं मी एका बालपोथीवरून शिकलो होतो, पण बोलणं सगळं तुमचं. हातातल्या दाभणानं तुम्ही एकेक वस्तू दाखवायचात आणि विचारायचात, "नर, नारी, की नान्यतर?" मी उत्तर द्यायचो. रस्तो नर, जीभ नारी, घर नान्यतर, म्हणजे आपलं नपुंसक. आमच्या मराठीतही तीन लिंगं असल्यानं मला फार जड गेलं नाही. बहुतेक वेळा जे मराठीत तेच गुजरातीत निघायचं, आणि तुम्ही खूश होऊन म्हणायचात, "बघा, बहिणी-बहिणी हायत्या. एकीला शिकवलं की दुसरी आपसूक येती." शेठ, जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मी संशय घेतला, पण त्या सोपेपणावर नाही घेतला. नेमका जिथं घ्यायला हवा होता तिथंच मी गाफील राहिलो.

आणि जिथं घ्यायला नको होता तिथं घेतला. आठवतं ना, माझी आई एकदा माझ्याबरोबर पोती न्यायला आली होती? तुमच्या पत्नीनं, जमनाबेननी, दारातून डोकावून आत आवाज दिला, "बा आव्यां छे, पाणी लावजो." मी ताठ झालो. आव्यां? बा म्हणजे आई, आणि तिला हे नान्यतराचं रूप! "शेठ," मी म्हणालो, "माझी आई काय खुर्ची आहे की टेबल? तिला नान्यतरात का घातलं?"

तुम्ही दाभण खाली ठेवलंत. "अहो राव, मान हाय तो! आमच्यात मोठ्या बाईमाणसाला असंच बोलत्यात. एकटी असली तरी अनेक, आणि नान्यतर."

"मान द्यायला बाईचं बाईपण काढून घेता?"

"ते मला न्हाय माहीत. माझ्या आईला बी आमी असंच बोलायचो."

मला वाटलं, सारवासारव चाललीय. पाणी प्यायचं निमित्त काढून उठलो आणि बाजारातल्या दोन कापडवाल्यांना जाऊन विचारून आलो. दोघांनीही तुमचंच खरं केलं. आल्यावर तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, "काय म्हणाले?" म्हणजे मी कुठं गेलो होतो ते तुम्ही ओळखलं होतं. मला घाम फुटला, आणि तुम्ही मात्र मांडी थोपटून हसलात. परतीच्या गाडीत आई म्हणाली, "तुला काय रं पडलंय? मला काय बी म्हणू दे त्यांनी, पाणी तर तांब्याभर दिलं का न्हाय?"

पहिल्यांदा मी नापास झालो तेव्हा दोष माझ्यावर घेतला. त्याच सुमारास तुमच्या मुलाचं लग्न झालं आणि भरूचहून हंसा तुमच्या घरी आली. तिथून पुढं तुमचं शिकवणं बदललं. दाभण एखाद्या वस्तूकडं जायचं आणि मधेच थबकायचं. "हा राहू द्या. म्होरचा घ्या." एकदा मी विचारलं, "दुकान नान्यतर ना? मारुं दुकान?" तुम्ही दाभण पोत्यात खोचलंत आणि म्हणालात, "आज हितंच थांबू." मी घरी जाताना तुमच्या त्या थबकण्याचा हिशेब मांडत बसलो. हा माणूस काहीतरी लपवतोय. एवढं मात्र मला बरोबर कळलं होतं.

दुसऱ्यांदा पुण्याला परीक्षेला गेलो. समोरच्या गृहस्थांनी गोड आवाजात विचारलं, तुम्हाला गुजराती मित्र आहेत का, काय करतात? मी छाती काढून सांगितलं, "मारा मित्रनुं दुकान बारामतीमां छे." त्यांनी कागदावर काहीतरी खूण केली. मग स्वतःच्या नाकावरच्या चष्म्यावर बोट ठेवून विचारलं, "आ शुं छे?" मी म्हणालो, "आपनो चश्मो." ते खुदकन हसले. "कोणे शीखव्युं?" कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं आणि मी अभिमानानं तुमचं नाव सांगितलं. चौदा दिवसांनी निकाल आला. नापास.

त्यानंतरच्या रविवारी मी तुमच्या दुकानात काय बोललो ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दुकानात माळेगावकडचे दोन शेतकरी पोती मोजून घेत होते. बाहेर भिंतीवर संयुक्त महाराष्ट्राच्या सभेची अक्षरं रंगवलेली होती, आणि त्या दिवसांत गुजराती माणसाला चार शब्द जास्त सुनावले तर कुणी अडवत नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. मी उभ्यानंच ओरडलो. "शेठ, तुम्ही मला मुद्दाम चुकीचं शिकवलंत. मराठी माणूस कायम होऊ नये म्हणून. सरळ माणूस म्हणे!"

शेतकरी पोती मोजायचे थांबले. तुम्ही हातातल्या पोत्याची घडी घातलीत, मग त्या घडीची आणखी एक घडी. आणि म्हणालात, "व्हय. चुकलं असंल."

कुठला शब्द चुकला, हे तुम्ही विचारलं नाहीत. चिडला नाहीत, शपथ घेतली नाहीत. झालं! मला पुरावाच मिळाला. निरपराध माणूस असा गप्प बसेल का? मी चपला घातल्या आणि निघालो. तुम्ही मागून हाक मारलीत, "दिनकरराव, च्या तर घ्या." मला त्यातही कावा दिसला.

खरं काय ते कंपाउंडरनं अर्ध्या तासात शोधून काढलं. दवाखान्याच्या ओट्यावर त्यानं मला पन्नास शब्द विचारले आणि पोट धरून हसत सुटला. दुकान गुजरातीत नारी आहे, मारी दुकान. चष्मा नर नाही, एकवचनीही नाही. चश्मां, नान्यतर, आणि तेही अनेक. मिरची नारी नव्हे, मरचुं. असे नऊ-दहा शब्द निघाले, आणि प्रत्येक ठिकाणी तुम्ही मराठीचंच लिंग लावलं होतं. "यांचे वाडवडील कधी आले इकडं?" त्यानं विचारलं. मी सांगितलं, आजोबा आले. जमनाबेनचं माहेरही बार्शीचं. "मग बरोबर आहे," तो म्हणाला. "तुमच्या शेठनी फसवलं नाही हो. त्यांच्या घरातल्या गुजरातीला नीरेच्या कालव्याचं पाणी लागलंय. तीन पिढ्या मराठी बाजारात बसले. ते असंच बोलतात आणि त्यांना वाटतं, गुजराती म्हणजे हीच."

तुमची आई जशी बोलली तसंच तुम्ही मला शिकवलं होतं, शेठ. त्यात काडीचीही भेसळ नव्हती. मग हंसा आली, तिच्या तोंडून तुम्ही 'आपणी दुकान' ऐकलंत आणि तुम्हाला उमगलं. साठीच्या उंबरठ्यावर, स्वतःच्या चुलीपाशी. म्हणून दाभण थबकत होतं. आणि मी ओरडलो तेव्हा, आपल्याला आपलीच भाषा धड येत नाही हे सांगण्यापेक्षा लबाड ठरणं तुम्ही पत्करलंत. हे माझं अनुमान आहे. तुम्हाला विचारायची सोय होती तोवर मी विचारलं नाही.

तेव्हाच बारामतीची गाडी पकडायला हवी होती. 'माफ करा' एवढे दोन शब्द. त्यांना लिंगही लागत नाही. गेलो नाही. जिवावर आलं म्हणा, मान आडवी आली म्हणा. पुढच्या वेळी परीक्षा पास झालो आणि कायम झालो. आणि त्या आनंदात कचेरीच्या व्हरांड्यात पेढे वाटताना मी एक नक्कल केली. गठ्ठ्यावर बसल्यासारखी मांडी घातली, हातात दाभण धरल्यासारखं केलं आणि तुमच्या आवाजात म्हणालो, "मारुं दुकान, मारो चश्मो." म्हणालो, "बघा, बारामतीत असा एक गुजराती शेठ आहे ज्याला गुजराती येत नाही." लोक खो खो हसले. मलाही चेव आला. ती नक्कल मी नंतर किती वेळा केली ते मोजलेलं नाही. शेठ, तुम्ही लबाड आहात असं मी बोललो ती माझी चूक होती. ही नक्कल मात्र चूक नव्हती. तुम्ही निर्दोष आहात हे कळल्यावर मी ती केली.

इंदापूरच्या कचेरीतली गोष्ट बारामतीच्या बाजारात जायला कितीसा वेळ लागणार! रोज माणसं येतात, जातात. दोनेक महिन्यांनी कामासाठी बारामतीला आलो तर मार्केटच्या तोंडाशी हमाल तुमच्या दुकानाकडं बघून ओरडत होते, "शेठ, दुकान ती का ते?" तुम्ही मान खाली घालून शिवत होतात. मी पाहिलं, आणि पुढच्या बोळानं निघून गेलो. त्या बोळातनं स्टँड लांब पडतं, तरी गेलो.

आपली शेवटची भेट त्या स्टँडवरच झाली. लोणी भापकरच्या गाडीची वाट बघत तुम्ही उभे होतात. काठी आली होती हातात. मी टाळणार होतो, पण तुम्हीच हटकलंत. "काय दिनकरराव, कायम झालात म्हणं? चांगलं झालं. आई खूश आसंल." मी ऐट दाखवायला गुजरातीत उत्तर दिलं, "हा शेठ, तमारी दया छे." तुम्ही मराठीतच म्हणालात, "दया कसली? तुमची मेहनत." आणि गाडीत चढलात. तेवढंच. ते 'दया कसली' मी महिनोन्‌महिने चघळलं. टोमणा होता? क्षमा होती? की साधंच बोलणं होतं? नक्कल कुणी सुरू केली हे तुम्हाला माहीत होतं का? तुमच्या आवाजात शोधून शोधून थकलो, काही सापडलं नाही. आता तर सापडायची सोयच उरली नाही.

गुरुवारी तुमच्याकडं आलो. तुमच्यात बेसणं म्हणतात, आमच्यात भेटायला बसणं. पुरुष पडवीत सतरंजीवर. उठताना तुमच्या मुलानं सांगितलं, आई बोलावतीय. मी आतल्या उंबऱ्यापाशी उभा राहिलो. जमनाबेन भिंतीला टेकून बसल्या होत्या, शेजारी बार्शीला दिलेली तुमची बहीण. चुलीजवळ हंसा, डोक्यावरून पदर ओढलेला.

"दिनकरभाई," जमनाबेन म्हणाल्या, "वरीस झालं आसंल, ह्यांनी गुजराती सोडली. माझ्यासंगं बी मराठी. सकाळी देव्हाऱ्यात ठाकोरजींम्होरं उभं राहायचे, आदी कसं मोठ्यानं गुजराती भजन म्हणायचे, आता तोंड मिटून. शेवटच्या दिशी मी इचारलं, पाणी आपुं? तर म्हणाले, 'दे.' चाळीस वर्सांत मला कदी 'दे' न्हाय म्हणाले ते. आमच्या बोलीत 'आप' म्हणायचे, म्हंजी दे." त्यांनी पदर तोंडाला लावला. "कुणीतरी ह्यांच्या बोलन्यावर हसलं. कोण हसलं ते सांगितलं न्हाय."

तुमच्या बहिणीनं चुलीकडं हात केला. "सांगायला कशाला पायजे? भरूचवाळी आली आन्‌ माझ्या भावाचं तोंड बंद झालं. एकदा चश्मो म्हणाला तर ही पदराआड हसली. मी बघितलं ह्या डोळ्यांनी. बारमुं झालं की पोचवा हिला माहेरी. मग न्यायची का न्हाय ते बघू." तुमचा मुलगा माझ्या मागं उभा होता. तो पडवीकडं वळला.

जमनाबेननी माझ्याकडं बघितलं. "तुमी शिकलेले हाय. ह्यांच्याजवळ बसलेले. तुमीच सांगा, हिचंच काम ना हे?"

मी म्हणालो, "मी काय सांगणार, जमनाबेन?" हंसानं मान वर केली नाही. मी नमस्कार केला आणि बाहेर पडलो.

एस.टी.त बसलो आणि माझं डोकं कामाला लागलं. ते कसं चालतं तुम्हाला माहीत आहे. हंसा हसली हे तर खरंच ना? मग तिचंही थोडं असणारच. आणि कंपाउंडर? खरं शोधून काढणारा तोच. हमाल ओरडले, मी तर बारामतीत एक शब्दही काढला नव्हता. शिवाय तुमची तब्येत, वय, दातही पडले असतील, बोलणं कमी झालं असेल. लासुर्णं येईपर्यंत मी स्वतःला जवळजवळ सोडवून घेतलं होतं. निमगाव केतकीला गाडी थांबली. खिडकीखाली एक बाई डाळिंबं विकत होती, लाल टपोरी. मी विचारलं, "गोड आहेत का?" ती म्हणाली, "गोड हायती." आणि मी सवयीनं म्हणालो, "कशावरनं?" तिनं पाटी उचलली आणि पुढच्या खिडकीकडं गेली. मग मला रडू आलं. गाडीभर माणसं बघत होती, पण थांबवता येईना. तुमच्यासाठी मी रडलो तो तिथं, कार्ड मिळाल्यावर दोन दिवसांनी.

तुम्ही मला काय दिलंत हे मी कधी बोललो नाही. नोकरी दिलीत. आईचे उसासे थांबवलेत, आता माघात माझं लग्न आहे. पण त्याहून मोठं म्हणजे, दोन वर्षं दर रविवारी एक माणूस माझ्यासमोर बसायचा आणि माझ्याकडून त्याला काहीच नको असायचं. असं मला पुन्हा कुणी भेटलेलं नाही. भेटलं तरी मी त्याला ओळखीन की नाही, देव जाणे. तुम्हाला ओळखलं नाही ते नाहीच.

काल तुमचं बारमुं, म्हणजे आमचं बारावं, होतं. मी सकाळच्या पहिल्या गाडीनं आलो. पडवीत माणसं होती, आत बायका. आतल्या दाराशी एक हिरवी पत्र्याची पेटी दोरीनं बांधून ठेवली होती, तिच्यावर घडी घातलेली सतरंजी. हंसाला न्यायच्या दौंडच्या गाडीला अजून वेळ होता. मी सरळ उंबऱ्यापाशी गेलो. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो.

"जमनाबेन, शेठच्या बोलण्यावर हसलो तो मी. माझ्या कचेरीत मी त्यांची नक्कल केली. पुन्हा पुन्हा केली. ती बाजारात गेली ती माझ्या तोंडून. तुमच्या सुनेचा यात काही संबंध नाही."

तुमची बहीण काहीतरी म्हणायला लागली तर जमनाबेननी हात वर करून तिला थांबवलं.

"त्यांना म्हाईत होतं?"

"मला ठाऊक नाही."

"कदी बोलले न्हाईत तुमाला?"

"नाही. भेटले तेव्हा म्हणाले, चांगलं झालं, आई खूश असेल."

त्यांनी सरळ माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली नाही. घालावीशी वाटत होती. मग त्या वळल्या आणि गुजरातीत म्हणाल्या, "वहु, पेटी अंदर लई जा." हंसा जागची हलेना. तिला खरं वाटत नसावं. त्यांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा तिनं सतरंजी काखेत मारली, पेटीचं कडं धरलं आणि फरशीवरून ओढत आत नेली. तुमचा मुलगा धावला हात लावायला. तो रडत होता.

मी तसाच उभा होतो. काय अपेक्षा होती माझी? काही नाही म्हणालो तर खोटं होईल. कबूल केलं की माणूस सुटतो, असं कुठंतरी वाटत होतं.

जमनाबेन मराठीत म्हणाल्या, "दिनकरभाई, ते आसते तर तुमाला म्हणाले आसते, बसा, च्या घ्या. मी न्हाय म्हणणार."

मी चपला घातल्या आणि स्टँडकडं चालू लागलो. शेठ, उभ्या आयुष्यात मला समोरच्याच्या बोलण्यामागं दुसरं काहीतरी दिसत आलंय. त्यांच्या त्या बोलण्यामागं काही नव्हतं. मी इंदापूरपर्यंत शोधलं नाही, आजही शोधत नाही. त्या म्हणाल्या ते तेवढंच होतं, आणि ते खरं होतं.